व्याह्यांना खाली घेतलं

"हा मग कुठला?" मुकुंदराव पोरे यांनी विचारलं.

माझे वडील, अण्णा, पाटापुढे उकिडवे बसले होते. त्यांच्या एका हातात वरपित्याचा उजवा पाय होता आणि दुसऱ्या हातात निळा प्लॅस्टिकचा मग. चांदीचा तांब्या मामाच्या गाडीत होता आणि मामा बर्फाच्या लाद्या आणायला गेला होता. भटजी सारखे घड्याळाकडे बघायला लागले, तेव्हा अण्णांनी हाताला लागेल ते उचललं होतं.

"कुठला म्हणजे? इथलाच."

"इथला म्हणजे न्हाणीघरातला?"

अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. खोटं बोलायला त्यांना तयारी लागायची. ती व्हायच्या आत त्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं.

मुकुंदरावांनी पाय सोडवून घेतला, ओलाच. नव्या उपरण्याने कपाळ पुसलं, मान पुसली आणि कुणाकडेही न बघता ते वरपक्षाच्या खोलीकडे चालू लागले. फरशीवर एकाच पायाचे ओले ठसे उमटत गेले. मागून त्यांच्या बहिणीचा, शकूआत्यांचा, आवाज आला, "रुसला गं बाई मुकुंदा! मी सांगितलंच होतं, हा रुसणार म्हणून."

त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. खरं सांगायचं तर आमच्याही कुणाच्या चेहऱ्यावर नव्हती. आमच्याकडच्या लग्नांत वरपिता रुसला नाही तर जेवणात मीठ राहिल्यासारखं वाटतं. रुसण्याची रीतही ठरलेली आहे. वरपित्याने गादीवर भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि बोलायचं नाही. मुलीच्या बापाने विनवण्या करायच्या. पहिल्या विनवणीला उठला तर त्याला किंमत राहत नाही आणि चौथीपर्यंत ताणलं तर अक्कल नाही असं लोक म्हणतात. तिसरीला उठायचं, चहा घ्यायचा, मांडवात यायचं. मुकुंदरावांचं अकलूजला कापडाचं दुकान होतं. कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

फलटणच्या त्या कार्यालयात माझ्या धाकट्या बहिणीचं, केतकीचं, लग्न होतं. मार्च महिना, ऊन मी म्हणत होतं. मुहूर्त दुपारचा. मला मुकुंदरावांची काळजी नव्हती, शकूआत्यांची होती. या बाईंना जगात कुठेही काही बिघडलं की त्याचं कारण सुनेच्या पावलात सापडायचं. साखरपुड्याला पंख्याच्या वाऱ्याने समई विझली, तेव्हा त्यांनी पंख्याकडे बघितलं नाही, केतकीच्या पायांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाची स्कूटर पंक्चर झाली, तीही केतकीच्या खात्यात गेली. केतकी मला हे हसत सांगायची. मग हसणं थांबवून विचारायची, "ताई, उद्या खरंच काही मोठं झालं तर गं?"

"तू संकेतशी लग्न करतेयस, आत्याशी नाही," मी म्हणायचे.

"पण राहायचंय त्यांच्याबरोबर."

"वसू, तू चल माझ्याबरोबर," फरशीवरचे ओले ठसे बघत अण्णा मला म्हणाले. "तुझं रोज मंत्र्यांशी बोलणं असतं."

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात वार्ताहर होते. मंत्री जिल्ह्यात वर्षातून एकदा यायचे आणि तेव्हाही तेच बोलायचे. पण अण्णांना आधार हवा होता. मामाही तोवर तांब्या घेऊन पोचला होता. मी नारळाचं ताट उचललं. आमच्या मागोमाग गजानन झेंडे निघाला. हा आमच्या दैनिकाचा छायाचित्रकार. सुट्टी काढून लग्नाचे फोटो काढायचा.

"तू कशाला?" मी विचारलं.

"रुसवा काढतानाचा फोटो लागतो ताई. अल्बमात त्याचं एक पान असतंच. नसलं तर वरपक्ष रुसतो."

खोलीत जाड गादी, त्यावर पांढरी चादर, लोड, तक्के. मुकुंदराव शेरवानीसकट भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेरवानीची वरची बटणं त्यांनी सोडली होती. त्यांच्या पत्नी शालनताई खिडकीत बसून सुपारी कातरत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. आमच्या माहेरी दर दिवाळीला रुसायचे. माझा भाऊ बिचारा विनवण्या करून करून वारकऱ्यासारखा नम्र झाला."

अण्णांनी गादीच्या कडेला गुडघे टेकले. "व्याहीबुवा, चूक झाली. तांब्या आला. हा बघा, चांदीचा. पुन्हा धुतो पाय. दोन्ही."

"थोडं पडू द्या मला," मुकुंदराव म्हणाले. आवाज अगदी खाली होता.

"आवाज खाली गेला ना, म्हणजे राग वर गेला," दारातून शकूआत्या म्हणाल्या. "लहानपणापासून असाच आहे."

"व्याहीबुवा, लोक काय म्हणतील? बसा उठून. दोन घोट चहा घ्या."

अण्णांनी तांब्या गादीच्या कडेला ठेवला.

"ही दुसरी झाली," गजानन माझ्या कानात म्हणाला आणि फ्लॅश नीट करू लागला.

मग मुकुंदरावांच्या नाकातून आवाज आला. खोल, घुर्रर्र असा. दारातली मंडळी खो खो हसली.

"बघा, घोरण्याचं सोंग!" शकूआत्या म्हणाल्या. "नाटकी मेला."

अण्णांनी सुस्कारा सोडून तिसरी विनवणी सुरू केली. ही मोठी होती. तिच्यात कुळाचा मान, लेकरांचं सुख आणि त्यांचे दिवंगत वडील असं सगळं होतं. ती चालू असताना पुन्हा एकदा घुर्रर्र झालं. मधल्या वेळात काहीच नाही. छाती हलत नव्हती, चादर हलत नव्हती. गजाननने फोटो काढला. फ्लॅशच्या उजेडात मला मुकुंदरावांचा कान दिसला. कानाची पाळी जांभळट राखाडी होती. हातातलं उपरणं निसटून गादीखाली पडलं होतं आणि बोटं ते धरायचा प्रयत्नही करत नव्हती.

मी ताट खाली ठेवलं.

महिनाभर आधी नगरपालिकेच्या सभागृहात डॉ. काझी नावाच्या भूलतज्ज्ञ बाईंनी एक शिबिर घेतलं होतं. त्यांचा दवाखाना या कार्यालयाच्या समोरच होता. माणूस अचानक कोसळला तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, हा विषय. मी बातमीला गेले होते. समोर महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ आणि चहाला आलेले दोन नगरसेवक. टेबलावर रबराचा माणूस होता, कमरेपर्यंतचाच.

"डॉक्टर, हा पुरुष आहे का बाई?" मंडळाच्या एका सदस्येने विचारलं. तिला तोंडाला तोंड लावायचं होतं, म्हणून आधी खात्री.

"कमरेखाली काही नाही," काझीबाई म्हणाल्या. "तुम्हीच ठरवा."

सभागृहात हशा झाला. बाईंनी तो विरेपर्यंत वाट बघितली आणि मग शिकवायला लागल्या. खांदे हलवा, मोठ्याने हाक मारा. ओ नाही दिली तर छाती बघा. "मधूनच घोरल्यासारखा आवाज येईल. नातेवाईक म्हणतील, श्वास चालू आहे. मासोळी पाण्याबाहेर काढली की तोंड उघडते ना? तसं ते. तो श्वास नव्हे. कुणाला तरी मदतीला पळवा आणि छाती दाबायला लागा." छातीच्या मधोमध तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपरं सरळ. दोन इंच आत दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस वेळा दाबून दोन श्वास. श्वास जमत नसेल, किळस येत असेल, तर नुसतं दाबत राहा, थांबू नका.

"वेग किती?" एका नगरसेवकाने विचारलं.

"आरतीच्या टाळ्यांचा. पहिल्या कडव्याच्या नाही. शेवटच्या. प्रसाद समोर आलेला असतो तेव्हाच्या."

मग त्यांनी लहान बाहुला काढला आणि त्यांचा आवाज जरा बदलला. मुलांचं बहुतेक वेळा आधी श्वासाचं बिघडतं, मग हृदय थांबतं, म्हणून त्यांना आधी श्वास द्यायचा, मग दाबायचं. मुलाला एका हाताने, तान्ह्याला दोन बोटांनी. फुंकर गालात मावेल एवढीच. मोठ्यांचं बहुधा उलट असतं, म्हणून तिथे दाबायला उशीर करायचा नाही.

"आणि चुकून फासळी मोडली तर?" ज्येष्ठ नागरिकांतून कुणीतरी विचारलं. त्यांना आपल्याच फासळीची काळजी वाटली असावी.

"मोडू द्या. फासळी जुळते. समोरचा मेलेलाच आहे, त्याचं तुम्ही आणखी वाईट करू शकत नाही. एवढं निर्धास्त काम दुसरं नाही."

प्रात्यक्षिकाला कुणी पुढे येईना. गजाननला फोटो हवा होता, म्हणून त्याने मला ढकललं. आणि मग तो मला सोडेना. "ताई, कोपर वाकलं. भाकरी थापल्यासारखं दिसतंय. पुन्हा." "ताई, खांदे पुढे घ्या, तोंडावर सावली येतेय." "ताई, अजून जोरात, फोटोत जोर दिसत नाही." घामाने भिजेपर्यंत मी तो रबरी माणूस दाबला. दुसऱ्या दिवशी छापलेल्या फोटोत माझे फक्त हात होते.

त्या खोलीत मला हे सगळं एकदम आठवलं असं म्हणणं बरं दिसेल. तसं झालं नाही. मला आधी आठवलं ते एवढंच की हा माणूस खरंच रुसलेला असेल आणि मी त्याला हात लावला, तर वरपित्याला भर लग्नात मारहाण केली म्हणून हे लग्न मोडेल. आणि नसेल रुसलेला, आणि मी हात लावला नाही, तर केतकीने जन्मभर शकूआत्यांच्या तोंडी काय ऐकायचं, तेही मला माहीत होतं.

"मुकुंदकाका!" मी त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवले. "मुकुंदकाका! ऐकू येतंय का?"

"अगं ए!" शकूआत्या ओरडल्या. "व्याह्याच्या अंगाला हात लावतेस?"

मी त्यांना उताणं केलं. डोळे अर्धे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते.

"वसू," अण्णा कुजबुजले, "लग्न मोडेल गं."

"अण्णा, पाय धरा."

"मघापासून धरलेच आहेत की!"

"उचलायला धरा. गादीवर दाबलं तर गादीच दबेल. जमिनीवर घ्यायचंय यांना. गजा, डोकं सांभाळ."

आम्ही तिघांनी मुकुंदराव पोरे यांना गादीवरून फरशीवर ओढलं आणि खोलीत आकांत झाला. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्याकडे माणसाला अंथरुणावरून जमिनीवर घेतात ते एकाच वेळी, तो जाताना.

"खाली घेतला!" शकूआत्यांनी टाहो फोडला. "माझ्या भावाला खाली घेतला गं!"

तो आवाज मांडवापर्यंत गेला. लग्नघरात गंगा आणि तुळस शोधावी लागत नाही, दोन्ही पूजेच्या ताटात असतात. कुणीतरी ताटच घेऊन आलं. एकाने स्वयंपाकघरातून फोडलेला कांदा आणला, एकाने स्वतःची चप्पल हुंगवायला काढली.

"तोंडात काही घालायचं नाही!" मी ओरडले. "पाणी नाही, तुळस नाही. गळ्यात अडकेल. कांदा भेळेत घाला."

संकेत दारात उभा होता. मुंडावळ्या, कपाळावर गंध, चेहऱ्यावर काहीच नाही.

"संकेत, समोरच्या दवाखान्यात पळ. काझीबाईंना सांग, हृदय बंद पडलंय, शॉकचं मशीन घेऊन या. पळ!"

तो पळाला. बाहेर बॅंडवाले सावलीत बसले होते. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव धावत बाहेर आलेला बघून त्यांना वाटलं, वरात निघाली. त्यांनी जोरात सुरुवात केली.

मी गुडघ्यावर बसले, तळहाताची टाच छातीच्या मधोमध ठेवली आणि दाबलं. रबरी माणूस दाबला की टक् असा आवाज करायचा, म्हणजे बरोबर दाबलं. मुकुंदरावांनी असा काही आवाज केला नाही. मग एकदा केला. कडक् असा. माझ्या तळहाताखाली काहीतरी सरकलं.

"काय मोडलं?" अण्णांनी विचारलं.

"फासळी."

अण्णांनी डोळे मिटले. मगाची चूक आता कुणाच्या लक्षातही राहणार नव्हती.

"ताई, कोपर!" गजानन खेकसला. "भाकरी थापताय परत!"

मी कोपरं ताठ केली.

दारातून एक बाई दुसरीला म्हणाली, हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मांडवात यायच्या आधीच सासऱ्याला खाल्लं." मी मान वर केली नाही. त्या क्षणापासून मी मुकुंदरावांसाठी दाबत होते की केतकीसाठी, हे मला सांगता येणार नाही. हाताला फरक पडत नाही.

तीस झाले. "श्वास द्यायला हवा," मी म्हणाले आणि गजाननकडे बघितलं. गजाननने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी भटजींकडे बघितलं. भटजी सोवळ्यात होते.

सुपारी आणि अडकित्ता खिडकीत ठेवून शालनताई उठल्या. "सरका," त्या म्हणाल्या. "नवरा माझा आहे. काय करू सांग."

"कपाळावर हात, हनुवटी वर उचला. नाक चिमटीत धरा. तोंडात काही आहे का बघा आधी."

"दातांची कवळी आहे. सैल झालीय. कधीपासून सांगतेय, बदला." त्यांनी कवळी काढून पदरात बांधली. "सकाळपासून तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही यांनी. रुसणाऱ्याने चूळ तरी भरावी."

लग्नाला आलेल्या अर्ध्या अकलूजसमोर त्यांनी नवऱ्याच्या तोंडाला तोंड लावलं. मुकुंदरावांची छाती वर आली.

"अगं बाई, शालन!" शकूआत्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. रडणं एवढ्यापुरतं थांबलं.

"अजून एकदा," मी म्हणाले. दुसऱ्या श्वासालाही छाती उचलली. मी पुन्हा दाबायला लागले.

हे काम दमवतं. किती, ते केल्याशिवाय कळत नाही. खांदे भरून येतात आणि दाबणं उथळ व्हायला लागतं. तसं व्हायला लागल्यावर गजाननने गळ्यातला कॅमेरा अण्णांच्या गळ्यात अडकवला आणि मला बाजूला केलं. शिबिरात त्याने एकदाही हात लावला नव्हता, पण मला इतक्या वेळा दुरुस्त केलं होतं की त्याचं एकही कोपर वाकलं नाही. मग मी, मग तो. मध्ये शालनताई. बाहेर बॅंड वाजतच होता आणि त्याचा ठेका, देवाची कृपा म्हणा, आरतीच्या शेवटच्या कडव्याएवढाच होता.

काझीबाई आल्या त्या मशीन घेतलेल्या माणसाच्या पुढे धावत. मागे नवरदेव. "थांबू नका, दाबत राहा," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. शेरवानी फाडली, छाती पुसली, दोन चकत्या चिकटवल्या. पडद्याकडे बघितलं.

"आता सगळे दूर व्हा. कुणी हात लावायचा नाही."

शकूआत्यांनी भावाचा पाय घट्ट धरला होता.

"आत्याबाई, पाय सोडा."

"मी नाही सोडायची माझ्या भावाला!"

"नाहीतर त्याच्याबरोबर जाल."

आत्यांनी पाय सोडला. इतक्या चटकन मी त्यांना काही करताना कधी बघितलं नव्हतं.

मुकुंदराव एकदा उडाले. पुन्हा दाबणं. पुन्हा एकदा उडाले. काझीबाईंनी गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. ते त्यांचं हसणं होतं, हे मला नंतर कळलं.

"सापडली," त्या म्हणाल्या. "चला, उचला. आणि तो बॅंड कुणीतरी बंद करा, डोकं उठलं."

त्यांना समोर नेलं. खोलीत मी आणि अण्णा उरलो. अण्णांच्या गळ्यात कॅमेरा, माझ्या हातात जोर नाही. दारात केतकी आली, पिवळ्या साडीत, हातभर हिरवा चुडा.

"गेले का गं?"

"नाही. आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवर पडलेल्या तुळशीकडे. "मी समोर जाऊ? की माझं तोंड नको असेल कुणाला?"

"जा," अण्णा म्हणाले. "कुणी काही म्हणालं तर सांग, अण्णांना विचारून आलेय."

ती रस्ता ओलांडून गेली. दुपारचा मुहूर्त टळला. मुकुंदराव शुद्धीवर आले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो "लग्न लागलं का?" असा. नाही म्हटल्यावर ते उठून बसायला लागले. काझीबाईंनी त्यांना धरून ठेवलं आणि संकेतला सांगितलं, "जा बाबा, उरकून ये. यांचं ब्लडप्रेशर चढतंय." भटजींनी गोरज मुहूर्त काढला. वरपित्याच्या जागी शालनताई उभ्या राहिल्या, पदरात अजून कवळी बांधलेली.

अक्षता पडल्यावर शकूआत्या मांडवाच्या मध्यभागी आल्या आणि भरल्या आवाजात सगळ्यांना म्हणाल्या, "सुनेचा पायगुण बघा! मांडवात पाऊल टाकायच्या आत सासऱ्याला यमाच्या दारातून परत आणला." दाबलं मी आणि गजाननने, श्वास दिला शालनताईंनी, शॉक दिला काझीबाईंनी. श्रेय केतकीच्या पावलांना गेलं. आम्ही कुणीही हरकत घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांना पुण्याला हलवून हृदयाच्या नळ्यांवर उपचार झाले. मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. छातीला पट्टा होता.

"या," ते म्हणाले. "फासळ्या मोडणाऱ्या बाई. दोन मोडल्यात, एक नाही. खोकलो की तुमची आठवण येते."

"सॉरी काका."

"हसवू नका. हसलो तरी येते."

शालनताई औषधं आणायला खाली गेल्या. ते त्या गेलेल्या दाराकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "तुमच्या वडिलांना अजून वाईट वाटतंय का? मगाचं?"

"झोपेत बरळतात. ‘तांब्या, तांब्या’ म्हणून."

"त्यांना सांगू नका, पण ते अगदी देवासारखे आले मग घेऊन. मी पहाटेपासून कारण शोधत होतो."

"कसलं कारण?"

"आडवं पडायचं." त्यांनी जबड्यावरून डावा हात फिरवला. "इथून इथपर्यंत दुखत होतं. घाम. उभं राहवत नव्हतं. म्हटलं, मुहूर्तापर्यंत कुठेतरी पडून राहू, अक्षता पडल्या की डॉक्टरकडे जाऊ."

"मग बोलला का नाहीत? दवाखाना रस्त्यापलीकडे होता!"

"वसुधाताई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण लग्नघरात वावरलेल्या दिसत नाही. वरबाप रुसला तर लोक म्हणतात, वरबाप खडूस आहे. वरबाप आजारी पडला तर काय म्हणतात?"

दारातली ती बाई मला आठवली.

"माझी बहीण मला ठाऊक आहे. समई विझली तेव्हा ती पोरीच्या पायांकडे बघत होती आणि मी पोरीच्या तोंडाकडे. हसत होती बिचारी, पण कशी." त्यांनी छातीच्या पट्ट्यावर हात ठेवला. श्वास घ्यायला दुखत होतं. "म्हटलं, खडूस तर खडूस. मेलो असतो तर मात्र पंचाईत होती. ते माझ्या हिशेबात बसलं नव्हतं."

"हे सांगा की घरात. सगळे तुम्हाला हसतायत. मगापायी जीव द्यायला निघाला होता म्हणून."

"हसू द्या. तुम्हीही बोलू नका. केतकीला तर मुळीच नको. दुखत होतं हे बाहेर पडलं, की आत्या म्हणणार, म्हणजे पोरगी दारात आली त्या दिवसापासूनच सुरू झालं. रुसलोच होतो मी. तेवढंच राहू द्या."

शालनताई गोळ्या घेऊन परत आल्या. "काय बोलणं चाललंय?"

"काही नाही," मुकुंदराव म्हणाले. "यांच्या वडिलांनी माफी मागितलीय. मी विचार करतोय."

मी कुणालाही हे सांगितलं नाही. मुकुंदराव गेल्या वर्षी गेले, भरल्या घरात, झोपेत. शकूआत्या त्यांच्या आधीच गेल्या होत्या. त्यामुळे आता हे सांगायला हरकत नाही.

मधली वर्षं मात्र त्यांना धड रुसता आलं नाही. कुठल्याही कार्यात ते जरा तोंड फिरवून पडले की घरातली पोरंटोरं नाकाखाली बोट धरून श्वास बघायला यायची. कुणी खांदे हलवायचं, कुणी "काझीबाईंना बोलवा रे!" असं ओरडायचं. पाहुण्यांना ती मगाची गोष्ट दर वेळी सांगितली जायची, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून ती ऐकून घ्यायचा.

केतकीच्या मुलीच्या बारशाला मी अकलूजला गेले होते. बाहेर पाळणा सजवत होते. मुकुंदराव आतल्या खोलीत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी सुचवलेलं नाव कुणी ठेवत नव्हतं. बाहेर सगळे हसत होते. मी आत गेले, कॉटच्या कडेला बसले आणि त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. ठोके नीट लागत होते.

"रुसलोय हो," डोळे न उघडता ते म्हणाले.

"नक्की?"

त्यांनी एक डोळा उघडला, दारात कुणी नाही हे बघितलं आणि पुन्हा मिटला.

"या खेपेला खरंच."